तिसरा बिंदू

आमच्या करमाळ्याच्या बाजूला सकाळी पेपर हातात पडला, की माणसं आधी एक आकडा शोधतात. मुंबईत कुणी शेअरचे भाव बघत असेल, पुण्यात कुणी नाटकांच्या जाहिराती बघत असेल. आमच्याकडे बघतात ती उजनीची टक्केवारी. भीमेवरचं हे धरण तसं माढा तालुक्यातलं. पण त्याचं पाणी मागे पसरत आलं आहे ते करमाळा, इंदापूर, कर्जत, दौंडपर्यंत. १९८० साली धरण पुरं झालं आणि आमच्या कोरड्या तालुक्याचा एक काठ ओला झाला. त्या काठावर ऊस आला, केळी आली. कंदरच्या बाजूची केळी आता आखाती देशांत जातात. उरलेला तालुका पूर्वीसारखाच आभाळाकडे बघतो. त्यामुळे धरण किती टक्के, हा आमच्याकडे हवापाण्याच्या गप्पांचा विषय नाही. तो पोटाचा विषय आहे.

गोष्ट २०२४ च्या फेब्रुवारीतली. आदल्या वर्षी पावसानं दगा दिला होता. एरवी शंभरी ओलांडणारी उजनी २०२३ मध्ये साठ टक्क्यांच्या आसपासच अडकली आणि जानेवारी संपायच्या आत आकडा शून्याखाली गेला. ‘उजनी मायनसमध्ये’ अशी बातमी झाली.

मी चौतीस वर्षं हायस्कुलात बीजगणित आणि भूमिती शिकवून निवृत्त झालेला माणूस. शिकवणी घेत नाही. पण गल्लीतली पोरं संध्याकाळी वह्या घेऊन ओसरीवर येऊन बसतात, त्यांना नाही म्हणवत नाही. त्यांच्यात नववीतली एक मुलगी होती. गाव जलाशयाच्या काठी, शिक्षणासाठी आत्याकडे राहिलेली. शनिवारी शाळा सुटली की गावी जायची आणि सोमवारी पहिल्या एसटीनं परत. त्या सोमवारी ती पेपरचं पान घेऊनच आली.

‘‘सर, शून्याच्या खाली पाणी कसं असेल?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘शून्य म्हणजे काहीच नाही ना? मग आमच्या शेताखाली दिसतंय ते काय आहे?’’

ऋण संख्या, संख्यारेषा, शून्याच्या डावीकडं उणे एक, उणे दोन... पुस्तकातलं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ती संख्येबद्दल विचारत नव्हती, पाण्याबद्दल विचारत होती. चौतीस वर्षांत मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. खरं सांगायचं, तर असा प्रश्न पडावा असं मी शिकवलंच नव्हतं.

दोन मार्कांची रेघ

रेषीय समीकरणाचा आलेख आपण सगळ्यांनीच कधी ना कधी काढला आहे. वाचकांपैकी कित्येकांना आजही तो पाठ असेल. आधी तक्ता करायचा. क्ष ला ० घ्यायचं, मग १, मग २. य काढायचा. आलेख कागदावर आडवा अक्ष, उभा अक्ष. उजव्या कोपऱ्यात न चुकता लिहायचं : ‘प्रमाण : दोन्ही अक्षांवर १ सेंमी = १ एकक’. तीन ठिपके द्यायचे, पट्टी लावायची, रेघ ओढायची, दोन्ही टोकांना बाण. झाले मार्क पक्के. भूमितीच्या प्रमेयाला घाबरणारी पोरंसुद्धा आलेख सोडत नसत, कारण त्यात डोकं लावावं लागत नाही, अशी त्यांची समजूत होती. ती समजूत मीच करून दिली होती.

एकदा वर्गात एका पोरानं विचारलं होतं, ‘‘सर, रेघ ओढायला दोन ठिपके पुरतात, मग तिसरा कशाला?’’ मी म्हणालो होतो, ‘‘पुस्तकात तक्त्याला तीन रकाने आहेत म्हणून.’’ वर्ग हसला, मीही हसलो. त्या उत्तराची लाज मला पुष्कळ उशिरा वाटली. ती कशी, ते पुढं सांगतो.

माझा स्वतःचा पहिला आलेख बहात्तरच्या दुष्काळातला. आई खडी फोडायला जायची आणि मी कंदिलाजवळ अभ्यासाला बसायचो. आलेखाचा कागद विकत घेणं जमणारं नव्हतं. साध्या वहीवर पट्टीनं उभ्याआडव्या रेघा मारून मी चौकटी तयार केल्या. चौकटी करण्यातच संध्याकाळ गेली आणि आलेखाला पाच मिनिटं लागली. पण ठिपके एका ओळीत आले तेव्हा अंगावर काटा आला होता. आकड्यांना रांगेत उभं राहायला कुणी सांगितलं? पुढं मास्तर झाल्यावर तो काटा मी विसरलो आणि प्रमाण लिहिलं नाही म्हणून अर्धा मार्क कापू लागलो.

शून्य कुठं ठेवायचं?

त्या मुलीच्या प्रश्नाकडं परत येतो. उजनीचं शून्य म्हणजे रिकामं धरण नव्हे. धरणात एका पातळीखालचं पाणी ‘मृत साठा’ म्हणून बाजूला धरतात आणि टक्केवारी मोजतात ती त्याच्या वरच्या ‘उपयुक्त साठ्या’ची. बहुतेक धरणांत मृत साठा थोडा असतो. उजनीत तो उपयुक्त साठ्याहून मोठा आहे! मृत साठा ६३.६६ टीएमसी, उपयुक्त ५३.५७ टीएमसी, मिळून ११७.२३. (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८०० कोटी.) म्हणजे पेपरात ‘शून्य टक्के’ छापून येतं, त्या दिवशी धरणात जवळजवळ ६४ टीएमसी पाणी असतं. त्यातलं उपसायला लागलं, की टक्केवारी उणे होते. शून्य कुठं मांडायचं, हे माणसानं ठरवलेलं आहे. पाण्याला त्याची खबर नाही.

मी तिला म्हटलं, ‘‘टक्केवारीला क्ष म्हण आणि धरणातल्या एकूण पाण्याला य. एक टक्का म्हणजे ०.५३५७ टीएमसी. आता समीकरण लिही.’’

तिनं थोडा वेळ पेन चावलं आणि लिहिलं :

य = ६३.६६ + ०.५३५७ क्ष

मी ते बघत राहिलो. आयुष्यभर य = २क्ष + ३ असली समीकरणं फळ्यावर लिहिली. ती कुठून आली, कुणाची, कशासाठी, याचा पत्ता नसायचा. आणि इथं आमच्या तालुक्याचं पाणी एका ओळीत येऊन बसलं होतं.

मग तिनं ठिपके दिले. क्ष = ०, तर य = ६३.६६. क्ष = १००, तर ११७.२३. चांगल्या पावसाळ्यात धरण १११ टक्के भरतं, तेव्हा सुमारे १२३. तिन्ही एका रेघेत. ‘‘आता रेघ डावीकडं ने,’’ मी म्हणालो. उणे २० ला सुमारे ५३. उणे ६० ला साडेएकतीस. ती पट्टी सरकवत गेली आणि एका जागी थांबली. रेघ आडव्या अक्षाला जाऊन टेकली होती. उणे ११९ च्या जवळ.

‘‘सर, म्हणजे धरण खरंखुरं रिकामं होईल ते इथं?’’

‘‘कागदावर,’’ मी म्हटलं. ‘‘खाली गाळ आहे. त्या गाळानं किती जागा खाल्ली, ते या रेघेला माहीत नाही.’’

शाळेत आपण रेघेच्या दोन्ही टोकांना बाण काढतो. ती अनंतापर्यंत जाते असं म्हणतो. धरणाची रेघ तशी जात नाही. तिला एका बाजूला दरवाजे आहेत आणि दुसऱ्या बाजूला गाळ. गणितातली रेघ आणि गावातली रेघ यांत एवढा फरक राहणारच.

उणे संख्येचं हे कोडं जुनं आहे. ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ मध्ये शून्याचे आणि धन-ऋण संख्यांचे नियम लिहून ठेवले. त्यानं शब्द वापरले तेही व्यवहारातले : धन म्हणजे जवळचं, ऋण म्हणजे देणं. शेतकऱ्याला उणे समजावून सांगावं लागत नाही, सोसायटीच्या पासबुकात ते त्याला भेटलेलं असतं. आणि ज्याला आपण क्ष म्हणतो, त्या अज्ञाताला आपल्या जुन्या गणितींनी रंगांची नावं दिली होती. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या बीजगणितात पहिलं अज्ञात ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जेवढं असेल तेवढं’. पुढची कालक, नीलक, पीतक. काळं, निळं, पिवळं. या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं मठ स्थापन केला, त्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्यात सापडला. अज्ञाताला रंग देणाऱ्या माणसांचे आपण वारस, आणि क्ष दिसला की आपल्या पोरांच्या तोंडचा रंग उडतो!

समीकरणाचं चित्र काढायची युक्ती मात्र सतराव्या शतकातली, फ्रान्समधली. रने देकार्तनं १६३७ साली आपल्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाला भूमितीची पुरवणी जोडली. त्याच सुमारास फर्मानंही तोच विचार मांडला. आज आपण काढतो तसे दोन काटकोनातले अक्ष आणि चार चरण देकार्तच्या पुस्तकात अशा शिस्तीत नाहीत, ती शिस्त पुढच्यांनी लावली. पण मुळातली गोष्ट तिथं आहे : समीकरण ही वाचायची गोष्ट, ती बघायची गोष्ट झाली.

बारवेच्या पायऱ्या

धरणाची रेघ झाल्यावर पोरांनी मला सोडलं नाही. ‘‘सर, काही रेघा सरळ चढतात, काही लोळत का जातात?’’ असा दुसऱ्या एकाचा प्रश्न आला. त्याचं उत्तर ओसरीवर न देता मी एका गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांना देवीच्या माळावर घेऊन गेलो.

कमलाभवानीचं हे देऊळ रावरंभा निंबाळकरांनी अठराव्या शतकात बांधलं. करमाळ्याची माणसं पाहुण्याला तिथं नेतात आणि ९६ हा आकडा ऐकवतात : देवळाचे खांब ९६, विहिरीच्या पायऱ्या ९६. पोरांनी त्या पायऱ्या शंभरदा मोजल्या होत्या. मी म्हटलं, ‘‘आज मोजायच्या नाहीत. आज बाजूनं बघायच्या.’’

एक पायरी उतरलं, की आपण ठरावीक पुढं जातो आणि ठरावीक खाली जातो. दुसरी उतरलं, की पुन्हा तेवढंच पुढं, तेवढंच खाली. पायऱ्यांच्या कडांवरून दोरी ताणून धरली, तर ती प्रत्येक कडेला टेकते. ही झाली सरळ रेघ. पुढं जाण्याच्या मानानं वरखाली किती, त्याला गणितात ‘चढ’ म्हणतात. माळ्याची शिडी लावली तर चढ जास्त, देवळाची पायरी असेल तर कमी, आणि उतरत असू तर चढ उणे. समीकरणात क्ष च्या शेजारी बसलेला आकडा तो हाच. आणि जो आकडा एकटा असतो, तो सांगतो आपण कुठून निघालो. धरणाच्या समीकरणात निघालो ६३.६६ वरून, आणि प्रत्येक टक्क्याला पायरी ०.५३५७ ची.

‘‘आणि सर, एखादी पायरी मोठी असली तर?’’ त्या मुलीनं विचारलं.

‘‘तर दोरी टेकणार नाही.’’

‘‘पण दोनच पायऱ्या बघितल्या, तर ते कळणारच नाही. दोन कडांना दोरी टेकतेच.’’

मी तिच्याकडं बघितलं. कित्येक वर्षांपूर्वी त्या पोरानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ती देत होती. कुठल्याही दोन ठिपक्यांतून रेघ जातेच. त्यात रेघेचं कौतुक नाही. तिसरा ठिपका रेघेवर पडतो की नाही, यावर कळतं की रेघ खरी होती की आपण ती ओढूनताणून काढली होती. तिसरा बिंदू म्हणजे साक्षीदार. पुस्तकातल्या तिसऱ्या रकान्याला एवढा अर्थ होता, आणि मी तो हसण्यावारी नेला होता.

जेऊरचं क्रॉसिंग

दोन रेघा एकमेकींना छेदतात, त्या बिंदूला दोन्ही समीकरणांची उकल म्हणतात. हे वाक्यही पोरं पाठ करतात. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना मात्र ते अनुभवानं माहीत आहे. करमाळ्याला रेल्वे नाही. आमचं स्टेशन जेऊर. पुणे-सोलापूर मार्ग आमच्याकडं वर्षानुवर्षं एकेरी होता. गाडी जेऊरला येऊन उभी राहायची आणि हलायचीच नाही. खिडकीतून कुणीतरी विचारायचं, ‘‘काय झालं हो?’’ उत्तर ठरलेलं : ‘‘क्रॉसिंग आहे.’’ मग समोरून दुसरी गाडी यायची, धडधडत निघून जायची आणि आमची गाडी सुटायची.

ही क्रॉसिंगं ठरवायला रेल्वेच्या नियंत्रण कक्षात एक तक्ता असतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर एकाखाली एक स्टेशनं : कुर्डुवाडी, केम, जेऊर, वाशिंबे, भिगवण. पुण्याकडं जाणारी गाडी म्हणजे एका बाजूला झुकलेली रेघ, सोलापूरकडं जाणारी म्हणजे उलटी झुकलेली. एक्स्प्रेसची रेघ उभट, मालगाडीची लोळती. गाडी थांबली, की रेघ आडवी. असे तक्ते युरोपात एकोणिसाव्या शतकातच काढत होते. पुढं कितीतरी वर्षं नियंत्रक ते पेन्सिलीनं हातानं काढत. आता संगणक काढतो.

एकेरी मार्गावर या तक्त्याचा एकच कडक नियम : दोन रेघा छेदल्या, तर त्या स्टेशनाच्या ओळीवरच छेदल्या पाहिजेत. जेऊर आणि केमच्या मधोमध छेदल्या, तर ती उकल कागदावर बरोबर असेल, रुळांवर चालणार नाही. म्हणून एका गाडीची रेघ काही मिनिटं आडवी करायची. केमच्या कुंकवाच्या पुड्या सांभाळत आम्ही जेऊरच्या फलाटावर जी वाट बघितली, ती त्या आडव्या रेघेतली होती. २०२२ साली आमच्याकडचं दुहेरीकरण पुरं झालं आणि ते क्रॉसिंगही गेलं.

अठरा पाइप, अडतीस पाइप

हे सगळं एका संध्याकाळी सांगून झालं आणि पोरं घरी गेली. ती मुलगी मागे राहिली. वहीतून घडी केलेला आलेख कागद काढून तिनं माझ्यासमोर ठेवला.

तिच्या वडिलांची दीड एकर केळी आणि दोन एकर उसाचा खोडवा. पाणी जलाशयातून मोटारीनं उचललेलं. पाणी हटेल तशी मोटार पुढं न्यायची आणि मागे पाइप जोडायचे. शेताच्या बांधापासून पाण्याच्या काठापर्यंतचं अंतर ती दर रविवारी मोजून आणत होती. वीस फुटी पाइप मोजायचे आणि उरलेलं पावलांनी. ४ फेब्रुवारीला ४०० फूट. ११ ला ४९०. १८ ला ५८०. २५ ला ६७०. दर आठवड्याला ९० फूट, थोडं इकडंतिकडं.

य = ४०० + ९० क्ष

घरात पाइप होते १,३०० फूट. ती तिनं आडवी रेघ काढली होती. दोन्ही रेघा छेदत होत्या दहाव्या आठवड्यावर, १४ एप्रिलला. केळीचे घड उतरायचे होते मेच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे चौदाव्या आठवड्यात. तोपर्यंत अंतर झालं असतं १,६६० फूट. कमी पडत होते ३६० फूट. अठरा पाइप.

‘‘बरोबर आहे का, सर?’’

मी गणित तपासलं. बरोबर होतं. पण मला तेव्हा अर्ध्या मार्काची भीती नव्हती, दुसरीच होती. ही रेघ बघून एक माणूस पैसे घालणार होता.

बाजाराच्या दिवशी तिचे वडीलच आले. चहाला हात न लावता म्हणाले, ‘‘गुरुजी, पोरगी म्हनती एप्रिलच्या मध्याला पाइप संपत्याल. रेघ मारून कुठं पाणी थांबतंय का?’’

‘‘दादा, रेघ पाणी थांबवत नाही. कधी जाईल तेवढं सांगते. तेही पाणी असंच हटत राहिलं तर.’’

‘‘आन् न्हाय राहिलं तर?’’

‘‘म्हणून तिला दर रविवारी मोजू द्या.’’

ते काही बोलले नाहीत. ऊस ठेवायचा की सोडायचा, या विचारात ते होते. दोन्ही ठेवायचे तर खत दोघांना, पाणी दोघांना, आणि वरून पाइपांचं कर्ज. माझ्याकडं त्याचं उत्तर नव्हतं आणि रेघेकडंही नव्हतं.

३ मार्चला ती आली तेव्हा अंतर होतं ७६०. ठिपका रेघेवर. १० मार्चला ८९०. ठिपका रेघेच्या वर गेला होता. ‘‘सर, माझं मोजायला चुकलं असेल,’’ ती म्हणाली. १७ मार्चला १,०२०. आणखी वर. आता आठवड्याला ९० नाही, १३० फूट.

‘‘मोजायला चुकलं नाही,’’ मी म्हटलं. आत जाऊन स्वयंपाकघरातून पातेलं आणि परात आणली, दोन्हींत पाणी घातलं. पातेल्यातून वाटीभर पाणी काढलं. पाणी खाली गेलं, काठ जागच्या जागी. मग परात जराशी कलती केली आणि वाटीभर काढलं. पाण्याची कड चांगली वीतभर मागे पळाली. धरणाचं पाणी उंचीनं सारखंच उतरत असेल, पण जमीन सपाट लागली की काठ पळतो. तिच्या शेताखाली तेच झालं होतं. फेब्रुवारीतल्या चार ठिपक्यांत ते दिसणं शक्य नव्हतं.

तिनं नवा कागद घेतला. ३ मार्चच्या ठिपक्यापासून नवी रेघ. मेच्या दुसऱ्या आठवड्यात अंतर २,०६० फूट. कमी पडणारे ७६० फूट. अठरा नव्हे, अडतीस पाइप. आणि घरातले पाइप संपणार १४ एप्रिलला नव्हे, एप्रिल उजाडतानाच.

त्या शनिवारी ती दोन्ही कागद घेऊन गावी गेली. पुढं काय झालं, ते मला तिच्या वडिलांनीच नंतर सांगितलं. त्यांनी खोडवा सोडून दिला. दोन एकर ऊस डोळ्यांदेखत वाळला. खताला ठेवलेले पैसे आणि एका भावबंदाचे जुने पाइप, असं करून अडतीसची भरती केली. केळी वाचली. म्हणजे गोड शेवट झाला असं नव्हे. अर्धं शेत गेलं, अर्धं राहिलं. ‘‘पहिली रेघ धरून बसलो असतो, तर ऊसबी ठिवला असता,’’ ते म्हणाले, ‘‘आन् दोन्ही गेलं असतं.’’

त्या जूनमध्ये उजनी उणे ६० च्या अगदी जवळ जाऊन थांबली. तिनं फेब्रुवारीत काढलेल्या धरणाच्या रेघेवर तो ठिपका बरोबर साडेएकतीस टीएमसीला बसतो. ती रेघ व्याख्येतून आलेली, म्हणून ती चुकली नाही. काठाची रेघ मोजमापातून आलेली, म्हणून ती बदलावी लागली. दोन्ही रेघा दिसायला सारख्या, पट्टी तीच, बाण तेच. कुठल्या रेघेवर किती भरवसा टाकायचा, हे शिकवणारा धडा मी पोरांना कधी दिला नव्हता.

आणि मग पाऊस आला. वरच्या धरणांतून पाणी सुटलं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उजनी शंभर टक्क्यांच्या वर गेली. साडेचार महिने उतरत गेलेली रेघ दोन महिन्यांत उणे ६० वरून शंभरीपार उभी चढली. तिच्या शेताखालचा तो सपाट भाग, ते वाढवलेले पाइप जिथं पडले होते ती जागा, सगळं पुन्हा पाण्याखाली गेलं.

ती आता ज्युनियर कॉलेजात आहे. मध्यंतरी दिवाळीला येऊन गेली. माझ्या ओसरीवर आता नवी पोरं असतात. आलेख काढायला बसलं, की त्यांतलं एखादं विचारतंच, ‘‘सर, दोन ठिपके पुरे ना?’’

मी म्हणतो, ‘‘रेघ ओढायला पुरे. तिसरा कशाला लागतो, ते बघ.’’ आणि भिंतीवर चिकटवलेला तो पहिला कागद दाखवतो. प्रमाण त्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं नाही. मी मार्क कापलेला नाही.